शेरा : स्थानिक गोंगाट

मी बारा वर्षं शोध मोडायची नोकरी केली. शोध लावायला वेगळी माणसं होती. ती पुण्याहून यायची, भरपूर शिकलेली असायची आणि त्यांना फिरती खुर्ची होती. त्यांनी शोध लावला की तो टिकतो का मोडतो हे पाहायला मला मोटरसायकलवर बसवून रानात धाडलं जाई. बहुतेक वेळा मोडायचा. पुढं पुढं तर मी फाटकातून आत येताना दिसलो, की खिडकीतल्या शास्त्रज्ञांचे चेहरे पडायला लागले.

त्यातला एक शोध मी मोडायला नको होता. हे सगळं लिहायला बसलोय ते त्याच्यासाठी. पण आधी धंदा समजावून सांगायला पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल म्हातारा उगाच गळा काढतोय.

कळंबला माझ्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ गेले, टीव्ही आले. टीव्ही पुढं भिंतीला चिकटले आणि दुरुस्त करण्याऐवजी फेकायचे झाले. माझ्या हातातली कला कुणाला नकोशी झाली, नेमकं तेव्हाच येरमाळा आणि ईट यांच्या मधल्या डोंगराळ माळावर एक केंद्र उभं राहिलं आणि त्यांना 'रेडिओतला गोंगाट ओळखणारा स्थानिक माणूस' हवा होता. नेमणुकीच्या पत्रात माझ्या पदाचं नाव दोन ओळींचं होतं. माझ्या बायकोला ते कधी सांगता आलं नाही. कुणी विचारलं, "अन्वरभाई काय करतेत?" तर ती सांगायची, "आवाज हुडकतेत." दोन ओळींपेक्षा हे बरोबर होतं.

आमची दुर्बीण म्हणजे चार एकरांत रोवलेले लोखंडी खांब आणि त्यांच्यावर ताणलेल्या तारा. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटायचं, कुणाची तरी द्राक्षबाग जळून गेली आणि नुसता मांडव उरला. ती हलत नसे. आकाश तिच्यावरून सरकायचं आणि ती खाली पडून ऐकायची.

काय ऐकायची? आकाशातून कधीतरी रेडिओलहरींचा एक झटका येतो. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या शंभराव्या हिश्श्यात तो येऊन संपतो. आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी पलीकडून, इतका जुना की तो निघाला तेव्हा माणूस नावाचा प्राणी नव्हता. तेवढ्या क्षणात त्यात इतकी ताकद असते की सूर्याला तेवढी बाहेर टाकायला कित्येक दिवस लागतील. काही झटके पुन्हा पुन्हा येतात, काही एकदाच येतात आणि जन्मात परत येत नाहीत. ते कुठून येतात, कशानं होतात, हे नक्की कुणालाच सांगता येत नाही. मेलेल्या ताऱ्यांकडं, ज्यांच्यात भयंकर चुंबकशक्ती असते, त्यांच्याकडं बोट दाखवतात. पण सगळे झटके तिथूनच येतात का, हे विचारलं की दोन शास्त्रज्ञांत तीन मतं निघतात.

आता हा झटका आकाशातला का बांधावरचा, हे ओळखायचं कसं? येरमाळ्याच्या यात्रेला गावची माणसं चालत निघतात तेव्हा निघताना सगळी एकत्र असतात. पण पोचताना पोरं पुढं असतात आणि म्हातारी माणसं मागं. जितकं गाव लांब, तितकं पहिल्या आणि शेवटच्या माणसात अंतर जास्त. लहरींचंही तसंच आहे. आखूड लहरी आधी पोचतात, लांब लहरी मागून रेंगाळत येतात. संगणकाच्या पडद्यावर त्याची तिरकी रेघ उमटते. शेजारच्या शेतातल्या ठिणगीला चालायलाच लागत नाही, तिच्या सगळ्या लहरी एकदम येतात आणि उभी रेघ उमटते. तिरकी रेघ आकाशाची, उभी रेघ आपली. एवढं कळलं की आमच्या शास्त्राचं निम्मं कळलं, आणि उरलेलं निम्मं सरांनाही कळलेलं नव्हतं.

सर म्हणजे आमचे प्रकल्पप्रमुख. ते पुण्यात राहायचे आणि महिन्यातून एकदा माळावर यायचे. माणूस वाईट नव्हता. हुशार होता, फक्त आपण हुशार आहोत हे विसरायची त्यांना सवय नव्हती. पहिल्याच वर्षी त्यांना दर सव्वा सेकंदाला टक्क करणारं काहीतरी सापडलं. रेघ उभी होती, पण इतकं घड्याळासारखं नियमित होतं की सरांना मोह पडला. फोनवर कुणाला तरी सांगत होते, "नियमित आहे हो, कमालीचं नियमित आहे!" मी मोटरसायकल काढली आणि माझा माशाच्या काट्यासारखा अँटेना फिरवत फिरवत ईटजवळच्या एका भुईमुगात पोचलो. तिथं कुंपणाच्या तारेला झटका मशीन लावलेली होती.

मालक म्हणाला, "रानडुकरं समदा भुईमूग उकरायलेत, म्हणून लावलीय. काय झालं?"

मी त्याला खरं ते सांगितलं. पुण्याचे साहेब याला तारा समजायलेत.

त्यानं बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "समजू द्या की. फकस्त हात लावू नका म्हनावं, लई जोरात बसतंय."

ऊसतोडीच्या हंगामात ढोकीकडं जाणारे ट्रॅक्टर आमच्या पडद्यावर धुमाकूळ घालायचे. ट्रॅक्टरला रंगीत उघडझाप दिव्यांच्या माळा, आणि त्या माळांची चौकोनी डबी म्हणजे एक छोटं रेडिओ स्टेशनच. एका ड्रायव्हरला मी हात जोडून म्हणालो, बाबा, हा माळ ओलांडेपर्यंत तरी दिवे बंद कर. तो म्हणाला, "साहेब, पोरगी देणारे लोक दिवे बघतेत." त्याचं लग्न व्हावं म्हणून मी मनापासून दुवा केली. झालंही. पुढच्या हंगामात दिवे दुप्पट.

असे दिवस चालले असताना मुग्धा मॅडम आल्या. वयानं माझ्या लेकीएवढ्या, पीएचडी करायला आलेल्या. मला काका म्हणायच्या आणि सरांसारखं महिन्यातून एकदा नाही, तर माळावरच राहायच्या. त्यांना एक खरा झटका पाहिजे होता. एकच. आमच्यासारख्या छोट्या केंद्रानं एक जरी खात्रीचा झटका पकडला असता तरी त्यांच्या प्रबंधाला जीव आला असता. त्यांची शिष्यवृत्ती संपत आलेली होती आणि हे त्या कुणाला सांगत नसत. पण रोज सकाळी पडद्यासमोर बसताना त्यांचा चेहरा जसा व्हायचा त्यावरून मला कळायचं.

जेठाच्या अखेरीला पडद्यावर तिरकी रेघ आली.

दुसऱ्या दिवशी आणखी दोन आल्या. पुढं चार दिवसांत सहा. मग आठवडाभर काही नाही, आणि मग पुन्हा सुरू. एक आठवडा जागं, एक आठवडा झोप. सर पुण्याहून त्याच दिवशी निघून आले. असे पाळी लावून येणारे झटके जगात मोजकेच सापडलेत, आणि आता त्यात आमच्या माळाचं नाव येणार होतं. हार्डडिस्क लवकर भरायच्या म्हणून आम्ही दिवसातले सहाच तास नोंद घ्यायचो. सरांनी निवडलेला आकाशाचा तुकडा डोक्यावर असेल तेवढे. त्या दिवसांत तो दुपारचा यायचा. त्यामुळं बाकीच्या वेळात काय घडतं हे आम्हाला माहीत नव्हतं, आणि माहीत नसण्याचं सरांना काही वाटतही नव्हतं.

वर्तमानपत्रात बातमी आली : 'आकाशगंगेपलीकडून माळावर पाहुणा'. खाली सरांचा फोटो, आकाशाकडं बघताना, भर दुपारचा. धाराशिवला एका मंडळानं त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. एक पुढारी भाषणात म्हणाले की विश्वानंसुद्धा मराठवाड्याच्या मागासलेपणाची दखल घेतली, आता सरकारनं घ्यावी. टाळ्या सगळ्यात जास्त त्या वाक्यालाच पडल्या.

माझ्या डोक्यात मात्र भुंगा शिरला होता. एक आठवडा आहे, एक आठवडा नाही. हे गणित पुण्याच्या माणसाला आकाशातलं वाटेल, पण आमच्याकडं ते शेंबड्या पोराला पाठ असतं. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा येते आणि एक आठवडा रात्री. मी सरांना भीतभीत म्हणालो, "सर, हे लाईटच्या पाळीशी जुळायलंय."

सर हसले. "अन्वर, त्या ताऱ्याला तुमच्या डीपीचं वेळापत्रक कुणी पाठवलं?"

सगळे हसले. मुग्धा मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी संध्याकाळी मला गाठलं आणि म्हणाल्या, "काका, शोधा. खोटा असेल तर मला आत्ताच कळू दे. नंतर कळलं तर मी संपले."

शेतीच्या लाईनवर ज्यांची घरंही आहेत अशी एकच वस्ती दुर्बिणीच्या टापूत होती. टेकाच्या पलीकडं, पंधरा-वीस घरांची टेकवाडी. बहुतेक मेंढरं राखणारी आणि कोरडवाहू करणारी माणसं. मी दिवसाच्या लाईटचा आठवडा धरून गेलो. कानाला यंत्र, हातात तो काट्यासारखा अँटेना. वाडीच्या तोंडाशी पोचलो तोच एक म्हातारी ओरडली, "वायरमन आला गं!" आणि बघता बघता सगळ्या वाडीनं तारांवर टाकलेले चोरीचे आकडे काढून घेतले. पंखे थांबले, पीठ दळता दळता गिरणी थांबली, आणि माझं यंत्रही चिडीचूप झालं. मी घरोघर फिरलो. वहीत लिहिलं, 'टेकवाडी : काही नाही.'

पुन्हा गेलो. पुन्हा आकडे निघाले, पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा आकडे काढायला त्यांना सवयीनं आणखी कमी वेळ लागला. दहा वर्षांची माझी हुशारी, आणि मी येतो म्हणूनच आवाज थांबतो हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. मीही तीनदा 'काही नाही' लिहिलं आणि सरांनी ते वाचून माझ्या पाठीवर थाप मारली.

चौथ्यांदा मी नुसताच गेलो. अँटेना मोडला होता, तो घरी डाग द्यायला ठेवलेला. ईटहून परतताना उन्हानं घसा कोरडा पडला म्हणून टेकवाडीत सुरेखाताईंच्या दारात गाडी लावली. सुरेखाताई तिथल्या आशा कार्यकर्त्या. आधीच्या फेऱ्यांत त्यांनीच पाणी दिलेलं. रिकाम्या हाताच्या माणसाला कुणी वायरमन म्हणालं नाही. पंखा फिरत होता, मी ताक पीत होतो, आणि माझ्या खिशात मोबाईल वाजला.

मुग्धा मॅडम होत्या, केंद्रातल्या तारेच्या फोनवरून. "काका, कुठं आहात?"

"टेकवाडीत."

"टेकवाडीत? तिथं फोन कसा काय ला..."

फोन तुटला. डोक्यावरचा पंखा फिरत फिरत थांबला. लाईट गेली होती.

पाच-सात मिनिटांत ती परत आली, आणि पंख्यानं दोन फेरे घेतले नाहीत तोच मोबाईल पुन्हा वाजला. मॅडमचा आवाज आनंदानं चिरकत होता. "काका, तुमचा फोन तुटला ना, अगदी त्याच क्षणी एक आला! एवढी ठळक रेघ आजवर आली नव्हती!"

मी ताकाचा पेला खाली ठेवला. टेकवाडीत रेंज नसते. टेकवाडीत रेंज नाही हे सगळ्या जिल्ह्यात माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं, कारण ती नाही याचं मोजमाप मीच केलेलं होतं. केंद्राला शांत जागा पाहिजे होती. ग्रामसभेनं टॉवर मागितला तेव्हा, वैज्ञानिक प्रकल्पाच्या शांततेसाठी तो देता येत नाही, असं उत्तर गेलं. सोबत जोडलेल्या तक्त्याखाली माझी सही होती.

"ताई," मी म्हणालो, "पत्र्यावर काय बसवलंय?"

त्यांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "भाऊ, तुमी खरंच वायरमन न्हाय ना?"

पत्र्यावर सिग्नल ओढून आणणारी एक पेटी होती. सोलापूरहून आणलेली, बिनपरवान्याची. एक अँटेना बाहेर, एक घरात, आणि दोन्ही एकमेकांना खेटून बांधलेले. मंडपात माईक कर्ण्यासमोर धरला की तो कुई करून ओरडतो, तशी ती पेटी दिवसभर ओरडत होती. आणि लाईट गेली की मरता मरता तिचा आवाज वरून खाली घसरत जायचा. त्याची पडद्यावर तिरकी रेघ. लाईट दिवसातून तीनदा गेली की पाहुणा तीनदा. रात्रीच्या पाळीच्या आठवड्यात दुपारी वाडीत लाईटच नसायची आणि आमचा पाहुणा झोपायचा.

"काढून टाकावी लागंल व्हय?" सुरेखाताईंनी विचारलं.  आणि त्यांनीच पुढं सांगितलं. "दोन सालामागं माझ्या जावंला कळा सुरू झाल्या. गाडी बोलवायला टेकावर चढले, रेंज यीना. मंग तिकडल्या अंगाला पळाले. फोन लागला, गाडी बी आली. जाऊ वाचली. लेकरू गेलं, भाऊ. तवा समद्यांनी मिळून ही पेटी आणली."

मला लाज वाटली. दहा वर्षांत मी पुष्कळ यंत्रं बंद पाडली होती, पण मला स्वतःची अशी लाज वाटली नव्हती. आकाशातलं कोट्यवधी वर्षांपूर्वीचं ऐकू यावं म्हणून आम्ही टेकापलीकडची हाक बंद केली होती, आणि त्याचं नाव शांतता ठेवलं होतं.

मी पेटी काढली नाही. दुकानदाराच्या पोरानं करावं तेच केलं. दोन अँटेना लांब लांब बांधले, पेटीचा जोर कमी केला, ती तेलाच्या डब्यात बसवली आणि माझ्या घरची एक बॅटरी जोडून दिली, म्हणजे लाईट गेली तरी ती एकदम मरणार नाही. ओरडणं थांबलं, रेंज राहिली. केंद्रात जाऊन रजिस्टरमध्ये लिहिलं, 'सदोष चार्जर. बदलला.'

आमच्याकडं नियम होता. कुठलीही रेघ माझ्या शेऱ्याशिवाय पुढं जायची नाही. आणि माझा शेरा आजवर चुकलेला नव्हता. याचा मला गर्व होता, तो लपवत नाही.

"चार्जर?" सर म्हणाले.

"व्हय सर. चार्जर."

शाल अजून त्यांच्या गाडीच्या मागच्या सीटवर होती. ते लाल झाले, पांढरे झाले, मग इंग्रजीत बोलले. वर्तमानपत्रात खुलासा काही गेला नाही. कुणी विचारलं तर 'अधिक संशोधन सुरू आहे' असं सांगायचं ठरलं. जाताना मात्र ते मला बजावून गेले. "त्या बाजूनं यापुढं एक जरी रेघ आली, तरी पोलीस घेऊन घरन्‌ घर झडती घेईन. एक चार्जर ठेवणार नाही."

मुग्धा मॅडमनी त्या दिवशी जेवण केलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाहुण्याच्या सगळ्या रेघा पुन्हा काढून मोजल्या. सगळ्यांचा तिरकेपणा सारखा होता. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "आता खोटा कसा दिसतो हे तरी मला पाठ झालं." मला त्यांचं कौतुक वाटलं आणि वाईटही वाटलं.

श्रावण गेला, भादवा गेला. पडदा कोरा. आकाशाचा कुठलाही तुकडा रोज चार मिनिटं अलीकडं येतो, महिन्याला दोन तास. तशी आमची नोंदही दुपारवरून सकाळवर आली. घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर पोचलो तेव्हा मुग्धा मॅडम फाटकात उभ्या होत्या. हातात कागद होता.

"काका, हा बघा. आज सकाळी, आठ वाजून अकरा मिनिटांनी. एकच आला. पण हा त्यातला नाही. याची रेघ बघा ना, तिप्पट पसरलीय. चार्जर असा पसरत नव्हता."

मी पाहिलं. रेघ खरंच लांब होती. पण माझ्या डोळ्यांसमोर ती रेघ नव्हती. टेकवाडीत कुणीतरी अँटेना हलवला असणार, बॅटरी उतरली असणार, हे दिसत होतं. पोलिसांची गाडी दिसत होती. सुरेखाताई दिसत होत्या, मोबाईल हातात धरून टेकावर पळताना.

"तसलाच असंल मॅडम. दुसरा चार्जर."

"एकदा जाऊन बघाल? प्लीज. माझे तीन महिने उरलेत."

येडेश्वरीच्या नवरात्राची गर्दी होती, येरमाळ्याचा रस्ता तुंबलेला होता, ही सबब आहे. खरं कारण हे, की मला जायची गरजच वाटली नाही. मला खात्री होती. दहा वर्षं बरोबर असण्याचा माज होता. शिवाय मी तिकडं निघालेला दिसलो असतो तर सरांपर्यंत पोचलं असतं. मी चहा पिऊन, दुपारपर्यंत मागच्या शेडमध्ये बसून परत आलो.

"जाऊन आलात?"

"आलो. स्थानिकच हाय."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग कागदाची घडी केली. "तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असेल," त्या म्हणाल्या. मी रजिस्टर ओढलं, लिहिलं, 'शेरा : स्थानिक गोंगाट', आणि खाली सही केली. सरांनी विचारलं तेव्हा म्हणालो, ट्रॅक्टरचे दिवे. ट्रॅक्टरवर त्यांचा चटकन विश्वास बसला.

तीन महिन्यांनी मुग्धा मॅडम गेल्या. प्रबंध झाला नाही. त्यानंतर दीड वर्षानं मी निवृत्त झालो आणि पुढच्या सालात केंद्रच बंद पडलं. सर हल्ली दुसऱ्या कुठल्या तरी समितीवर आहेत. खांब मात्र राहिले; एकानं त्यांच्यावर कारल्याचे वेल चढवलेत आणि कारली झकास येतात. टेकवाडीला टॉवर मिळाला. उद्घाटनाला तेच पुढारी होते.

यंदा उन्हाळ्यात येरमाळ्याच्या स्टँडवर सुरेखाताई भेटल्या. आम्ही चहा घेतला. बोलता बोलता त्या जुन्या पेटीचा विषय निघाला.

"तुमी दुरुस्त केल्यापासून लई गुणाची झाली व्हती बगा," त्या म्हणाल्या. "फकस्त एकदा दगा दिला. त्याच साली पोळ्याला जळाली. सोलापूरला नेऊन टाकली, ती दसरा झाल्यावर आली. सव्वा महिना वाडीत रेंज न्हाय. नशीब, कुणाला काय झालं न्हाय."

"पोळा ते दसरा?" मी विचारलं.

"व्हय. घटाच्या टायमाला आमी समदे तळमळायलेलो, पेटी कवा येती म्हनून."

"मला का नाही सांगितलं? मी करून दिली असती की."

"तुमची नोकरी जाईल म्हनून. तुमी आदीच आमच्यासाठी लई केलं व्हतं. उगी कशाला तकलीफ द्यावी."

माझी बस लागली, सुटली, गेली. मी तिथंच बसून राहिलो. त्या सकाळी टेकवाडीत पेटीच नव्हती. ज्या पेटीला वाचवायला मी खोटं बोललो, ती सोलापुरात कुणाच्या तरी टेबलावर उघडी पडलेली होती. एवढ्यानं ती रेघ आकाशातलीच ठरते असं नाही. आणखी हजार यंत्रं असतील. पण ते बघायचंच काम मला होतं आणि मी मागच्या शेडमध्ये बसून होतो.

मुग्धा मॅडम आता लातूरला मुलांना भौतिकशास्त्र शिकवतात. मी पत्ता काढून गेलो आणि बसायच्या आत सगळं सांगून टाकलं.  त्यांनी उठून कपाटातल्या एका पुस्तकातून तो घडी घातलेला कागद काढून आणला. घडीवर शाई पुसट झालेली होती, पण रेघ दिसत होती, लांब आणि तिरकी.

"मला तेव्हाच वाटलं होतं, काका," त्या म्हणाल्या. "पण शेरा तुमचा होता. तुमचा शेरा कधी चुकला नव्हता."

त्यांनी चहा केला, मी प्यालो. दारापर्यंत पोचवायला त्या आल्या नाहीत, आणि त्यांचं बरोबर होतं.

एका कागदावर शास्त्र चालत नाही. मूळ नोंद शिल्लक नाही. त्या हार्डडिस्क पुसून पुन्हा वापरल्या. रजिस्टरं केंद्र बंद होताना रद्दीत गेली. आता दुरुस्ती करायला कुठलं पान उरलेलं नाही, म्हणून ती या अंकाच्या पानावर करतो.

घटस्थापनेचा दुसरा दिवस, सकाळी आठ वाजून अकरा मिनिटं, एक तिरकी रेघ. तिच्यापुढं मी 'स्थानिक गोंगाट' असं लिहिलं. ते मी जागेवर न जाता लिहिलं. तो शेरा मी मागं घेत आहे. त्याच्या जागी असं वाचावं : 'मुग्धा मॅडमना दिसली. उगम माहीत नाही.'